धानाच्या बांधीतून रंगमंचावर : झाडीपट्टीच्या नटांच्या गावी

दिवाळी सरली, धान कापून झाले, बांध्या मोकळ्या झाल्या आणि खळ्याजवळ पुंजणे उभे राहिले की पूर्व विदर्भातल्या गावागावांत एकच चर्चा सुरू होते. यंदा नाटक कोणते आणायचे? भाऊबीजेपासून मंडईचे दिवस येतात. मग कुठे शंकरपट, कुठे जत्रा, आणि रात्री नाटक. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या या मुलुखाला झाडीपट्टी म्हणतात. झाडी म्हणजे जंगल. पूर्वी हे दोनच जिल्हे होते. १९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला आणि १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया. जिल्हे चार झाले तरी नाटकाचे वेड एकच राहिले.

शहरातल्या नाट्यगृहात खुर्च्या रिकाम्या राहतात म्हणून नेहमी काळजी व्यक्त होते. इकडे कडाक्याच्या थंडीत, उघड्या शेतात, तिकीट काढून आलेली माणसे पहाटेपर्यंत बसून असतात. शंभर वर्षांहून अधिक काळ ही रंगभूमी शेतकरी-शेतमजुरांच्या खिशातल्या पैशावर उभी आहे.

आपण नाटक पाहतो, टाळ्या वाजवतो आणि घरी येतो. पण रंगमंचावर राजा, पाटील, फौजदार झालेला हा माणूस मुळात कोण? तो तेथवर आला कसा? आणि वय झाल्यावर त्याचे नाव कोठे उरते? हे पाहावे म्हणून मागच्या हंगामात आम्ही कुटुंबासह झाडीपट्टीत तीन दिवस काढले. वाचकांनीही एकदा ही वाट धरावी म्हणून हा लेखप्रपंच.

वडशाच्या वाटेवर

नागपूरहून निघालो तर उमरेड, भिवापूर, नागभीड आणि ब्रह्मपुरी अशी एस.टी.ची वाट आहे. ब्रह्मपुरी सुमारे १२० किलोमीटर. उमरेडच्या कोळसा खाणी मागे पडल्या की हळूहळू रान दाट होत जाते. नागभीडनंतर दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या दिसू लागतात. बांध्यांचे धुरे, मधे मालगुजारीच्या काळातले तलाव, कडेला मोहाची झाडे. ब्रह्मपुरीच्या पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो आणि वडसा येते.

रेल्वेने येणाऱ्यांनी गोंदियाहून यावे. सौंदड, अर्जुनी मोरगाव आणि मग वडसा. पुढे हीच गाडी नदी ओलांडून ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल करीत चांदा फोर्टला जाते. एके काळी या मार्गावर छोटी गाडी धावत असे. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले. नगरपालिकेच्या कागदावर गावाचे नाव देसाईगंज आहे, पण स्टेशनावर आणि लोकांच्या तोंडी वडसाच.

झाडीपट्टीच्या नाट्यव्यवसायाची ही राजधानी. बाजारात हिंडताना किराणा, कापड, बी-बियाणे यांच्या दुकानांबरोबर नाट्य कंपन्यांचे फलक दिसतात. कोणाचे नाव ‘नाट्य रंगभूमी’, कोणाचे ‘थिएटर्स’. भिंतींवर, विजेच्या खांबांवर नाटकांची रंगीत पोस्टरे. त्यावर नाटकाचे नाव मोठे, नटनट्यांचे चेहरे गोल चौकटीत, आणि खाली गाव व तारीख.

हंगामात गावोगावच्या मंडळांचे पंच येथे येतात. कोणत्या तारखेला कोणते नाटक, त्यात विनोदी पात्र कोण, नायिका कोण, गाणारा नट कोण, याची घासाघीस होते. बयाणा दिला की तारीख पक्की. मग पत्रके छापायची, पोस्टरे लावायची, ऑटोवर भोंगा बांधून पंचक्रोशीत पुकारा करायचा. नाटक एका रात्रीचे, पण त्यावर मंडपवाला, लाइटवाला, आवाजवाला, छापखाना, गाडीवाला, चहा-भज्यांचे दुकान अशी कितीतरी घरे चालतात. तिकिटातून खर्च वजा जाता काही उरले तर गावाच्या कामाला लागते.

नाटकाची रात्र

ज्या गावी आम्ही नाटक पाहिले ते रस्त्यापासून बरेच आत होते. दिवसा गावात लग्नघरासारखी गर्दी. नाटक म्हणजे पाहुण्यांचा दिवस. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात. अनेक घरांत याच दिवशी मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम होतो आणि सोयरीक जुळते. भात, वरण, वांग्याची भाजी, ज्याची ऐपत असेल त्याच्याकडे मटण. जेवणे आटोपून माणसे सतरंजी, बोरे आणि ब्लँकेट घेऊन शेताकडे निघतात.

धान कापलेल्या बांधीवर चारी बाजूंनी कनाती लावलेल्या असतात. आत एका टोकाला लाकडी फळ्यांचा रंगमंच. पुढे वाद्यवृंद बसतो. ऑर्गन, तबला, आणि आता ऑक्टोपॅडही. पात्रांच्या डोक्यावर माईक टांगलेले असतात. ज्याचे वाक्य तो नट बरोबर त्या माईकखाली येऊन बोलतो आणि पुन्हा आपल्या जागी जातो. शहरी माणसाला हे प्रथम चमत्कारिक वाटते, पण शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हातारीलाही शब्द न् शब्द ऐकू गेला पाहिजे, ही त्यामागची साधी गरज आहे.

नटाच्या मागे रंगवलेले पडदे. एक वाड्याचा दिवाणखाना, एक गरिबाचे घर, एक रस्ता, एक जंगल. प्रवेश बदलला की दोरी ओढायची, एक पडदा गुंडाळायचा, दुसरा सोडायचा. जंगलाच्या पडद्यावरची झाडे पाहून शेजारच्या पोराने मला हळूच सांगितले की आमच्या जंगलात अशी झाडे नाहीत. खरेच होते ते. जुन्या पडद्यांच्या कडा फाटलेल्या, पाणी लागून रंग ओघळलेले. काही ठिकाणी आता छापील फ्लेक्सचा पडदा आला आहे. तो चकचकीत दिसतो, वाहून नेण्यासही सोपा. पण हाताने पडदा रंगवणाऱ्या पेंटरचे पोट मात्र त्यामुळे मारले गेले.

रात्री दहाच्या सुमारास नाटक सुरू झाले. आई-मुलगा, भाऊ-बहीण, सावकार-कर्जदार, दारूने उद्ध्वस्त झालेले घर, हुंडा, फसवणूक असे विषय. मधे गाणी, लावणी, विनोदी प्रवेश. एक प्रवेश रडवतो, पुढचा पोट धरून हसवतो. शहाण्या टीकाकारांना हा भडकपणा वाटतो. पण याच रंगमंचावर शेतकरी आत्महत्येसारखा विषयही आला आहे. सिंदेवाही तालुक्यातल्या नवरगावच्या श्री व्यंकटेश नाट्य मंडळाने सदानंद बोरकर यांचे ‘आत्महत्या’ हे नाटक केले. ज्याच्या घरी कर्जाचा कागद आहे त्याच्यासमोर ते करणे आणि शहरात बंद नाट्यगृहात करणे यांत फरक आहे.

विंगेत एक माणूस वही घेऊन बसला होता. तो प्रॉम्प्टर. झाडीपट्टीच्या नाटकाचा खरा कणा हाच. नट आज एका गावी, उद्या पन्नास-साठ किलोमीटरवर दुसऱ्या गावी. नाटक कधी तेच, कधी वेगळे. तालमीला वेळ मिळत नाही. प्रॉम्प्टर एक ओळ पुढे वाचतो, नट ती कानाने टिपतो आणि त्याच क्षणी त्यात प्राण ओततो. डोळ्यांत पाणीही आणतो. हे काम वाटते तितके सोपे नाही. त्या माणसाचे नाव पोस्टरवर मला दिसले नाही.

नट घडतो कोठे?

मध्यंतरात मी रंगपटात गेलो. कापडाच्या आडोशामागे एक बल्ब, दोन आरसे, लोखंडी पेट्या. फौजदाराचा डगला घातलेला माणूस बिडी ओढत बसला होता. त्याला विचारले, हे काम कोणापाशी शिकलात? तो म्हणाला, “कोन शिकवते जी? पाहून-पाहून शिकलो.”

हे उत्तर अनेकांकडून मिळाले. कोणाची दोन एकर धानाची शेती, कोणी रोजमजुरीवर जातो, कोणी शिवणकाम करतो, कोणी शाळेत शिक्षक. पावसाळ्यात रोवणी, हिवाळ्यात नाटक. नाट्यविद्यालयाचे तोंड यांनी पाहिले नाही. यांची शाळा वेगळी होती. लहानपणी मंडईत पाहिलेली दंडार, उभ्याने खेळली जाणारी खडी गंमत, गोंधळ, बहुरूप्याची सोंगे, आणि गावच्या हौशी मंडळाचे नाटक.

पूर्वी गावचेच लोक नाटक बसवीत. महिनाभर रात्री कंदिलाच्या उजेडात तालमी चालत. स्त्रीची भूमिका मिशी काढलेला तरुण करी. पुढे नागपूरसारख्या शहरातून नट्या बोलावण्याची पद्धत पडली. बाकी पात्रे गावची आणि नट्या बाहेरच्या. त्यानंतर वडशाच्या कंपन्या वाढल्या, सारा संच तयार मिळू लागला आणि गावचा हौशी नट खाली प्रेक्षकांत जाऊन बसला. त्यांतले जे जिद्दीचे होते ते कंपनीत शिरले. नव्या पिढीतले काही नट मात्र शहरात शिकून परत येथे येत आहेत, आणि मालिका-सिनेमातले चेहरेही हंगामात इकडे दिसतात. २०२२ साली तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा मराठी चित्रपट आला, तो याच कलावंतांच्या जगावर आहे.

या मातीतून किती मोठा नट घडू शकतो याचे उदाहरण म्हणजे डॉ. परशुराम खुणे. कुरखेडा तालुक्यातले गुरनोली हे त्यांचे गाव. शेतकरी माणूस. २०२३ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशे भूमिका असा त्यांच्या कामाचा उल्लेख झाला. लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. त्या पुरस्काराने सगळ्या झाडीपट्टीची मान उंचावली. पण एका खुणेंच्या मागे शेकडो नट आहेत, ज्यांचे प्रयोग कोणी मोजले नाहीत.

स्त्री कलावंतांचे आयुष्य आणखी कठीण. एका नटीशी माझ्या पत्नीने बोलणे केले. ती नागपूरच्या एका वस्तीतली. मुलीला आईजवळ ठेवून चार महिने बाहेर. नाटक पहाटे संपले की गाडीत झोप, दुपारी पुढचे गाव, कोणाच्या तरी घरी अंघोळ, संध्याकाळी पुन्हा रंग लावायचा. जितक्या नाईट होतील तितकेच पैसे. आजारी पडली तर काही नाही. कोरोनाच्या काळात नाटके बंद पडली तेव्हा ती धुणीभांडी करून जगली. तिचे दुःख पैशाचे तेवढे नव्हते. रात्री जे लोक तिच्या भूमिकेवर रडतात त्यांतलेच काही सकाळी तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात. मुलीच्या शाळेत ती आपला व्यवसाय शिवणकाम लिहिते.

भगिनींनो, या गोष्टीचा आपण विचार केला पाहिजे. घरातल्या मुलीने नाटकात काम करायचे म्हटले की आपल्याही कपाळावर आठी पडते. तिला कारण आहे. जुन्या गावगाड्यात वाजवणारा, नाचणारा, सोंग काढणारा सगळ्यांना हवा असे. पण त्याला ओसरीवर जागा नसे. दुसऱ्याच्या करमणुकीसाठी नाचणे हा आपल्या लोकांच्या वाट्याला आलेला अपमान होता आणि तो आपण झुगारला. पण अपमान झुगारणे वेगळे आणि कला टाकून देणे वेगळे. आपल्या वडीलधाऱ्यांनी हा फरक फार चांगला ओळखला होता.

आपली माणसे आणि रंगमंच

वडशाहून नदीपलीकडे पाहिले की ब्रह्मपुरी तालुका. प्रसिद्ध नाटककार प्रेमानंद गज्वी यांचे पिंपळगाव याच तालुक्यातले. त्यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका १९७७ सालची. दोन नट, आणि पाण्याचा प्रश्न. राजवाड्याचा पडदा नको, दिवाणखाना नको. उघड्या जागेत, वस्तीच्या ओट्यावर, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, जेथे दोन माणसे उभी राहू शकतात तेथे ती करता येते. म्हणूनच ती महाराष्ट्रभर आणि बाहेरही गेली. पुढे ‘किरवंत’, ‘गांधी-आंबेडकर’ अशी नाटके त्यांनी लिहिली आणि २०१९ साली नागपुरात भरलेल्या ९९ व्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जंगलपट्टीतल्या एका खेड्यातून निघालेली वाट तेथवर पोचली.

त्याच्याही मागे जायचे तर आंबेडकरी जलसा आठवतो. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३१ च्या सुमारास नाशिक जिल्ह्यात जलसा उभा केला. तमाशाचा साज त्यांनी घेतला, पण गवळण आणि अचकट-विचकट बोलणे टाकले आणि त्या जागी शिक्षण, स्वच्छता, पाणवठा, मंदिर-सत्याग्रह हे विषय आणले. हे नट कोण होते? दिवसा कष्टाची कामे करणारी माणसे. नाचून दाखवा म्हणणाऱ्यापुढे त्यांनी मान उंच करून बोलून दाखवले. रंगमंच तोच, पण आता त्यावर उभा राहणारा माणूस बदलला होता.

तिसरे उदाहरण औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे. मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. १९५५ साली ते खुद्द बाबासाहेबांसमोर झाले आणि १९५६ साली दीक्षा समारंभाच्या वेळी नागपुरात अफाट जनसमुदायापुढे झाले. त्यातले नट म्हणजे महाविद्यालयातली मुले, ज्यांच्या घराण्यात शाळा पाहिलेला पहिला माणूस तेच.

ही तीन ठिकाणे एकमेकांपासून दूर आहेत. जलसा, महाविद्यालयाचे नाटक, दोन नटांची एकांकिका हे प्रकारही निराळे. झाडीपट्टीच्या तिकीट लावून होणाऱ्या नाटकाशी त्यांचा थेट संबंध जोडता येणार नाही. पण एक धागा समान आहे. श्रमाचे काम करणारा माणूस रात्री उभा राहून आपल्याच लोकांशी बोलतो. त्याची पार्श्वभूमी म्हणजे त्याची वस्ती, त्याचे काम आणि त्याने पाहिलेली माणसे. सावकाराचा प्रवेश करताना झाडीपट्टीचा नट जो थरथरतो, ते त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

“व इतर”

प्रवासातली सर्वात मोलाची वस्तू मला एका पत्र्याच्या पेटीत पाहायला मिळाली. ज्या घरी आम्ही उतरलो होतो त्यांच्या शेजारी एक वृद्ध नट राहतात. सत्तरी ओलांडलेली. तरुणपणी स्त्री भूमिका, मग खलनायक, मग सोशिक बाप, असा त्यांचा प्रवास. आता गुडघे चालत नाहीत. त्यांनी खाटेखालून पेटी काढायला लावली. आत जुनी हँडबिले. पिवळी, गुलाबी, हिरवी. काहींना वाळवी लागलेली. एकेक उघडून ते सांगत गेले, हे अमक्या गावचे, हे पटाच्या दिवसाचे, या रात्री पाऊस आला होता.

मी त्यांचे नाव शोधू लागलो. बऱ्याच पत्रकांवर ते नव्हतेच. वर चार-पाच ठळक नावे आणि शेवटी “व इतर”. म्हातारबाबांनी बोट ठेवून दाखवले, “हा मी.” घरातले सगळे हसले. तेही हसले. पण मला हसू आले नाही.

कारण “व इतर” हा प्रश्न आता त्यांच्या पोटाशी आला आहे. महाराष्ट्र शासनाची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे. तिला आता राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना म्हणतात. २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये मिळतात. वयाची पन्नास वर्षे पूर्ण झालेली हवीत आणि कलाक्षेत्रात पंधरा वर्षांचे काम हवे. पण पंधरा वर्षे काम केले हे दाखवायचे कशाने? पत्रक, वर्तमानपत्रातले कात्रण, फोटो, संस्थेचे प्रमाणपत्र यांनी. ज्याने चाळीस हंगाम रात्री जागवल्या त्याच्याजवळ “व इतर” लिहिलेली वाळवी लागलेली पत्रके. त्यांचा अर्ज एकदा परत आला आहे. गावातल्या एका शिक्षकाने आता जुन्या मंडळांच्या पंचांकडून लेखी दाखले गोळा करणे चालवले आहे.

हे केवळ झाडीपट्टीत घडत नाही. आपल्या चाळीत, वस्तीत, विहाराच्या ओट्यावर ज्यांनी जलसे केले, जयंतीला नाटुकली बसवली, रमाईची भूमिका केली, ढोलकी धरली, पडदा ओढला, त्यांची नावे कोठे आहेत? कर्डकांनी १९७८ साली आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहिले म्हणून त्या काळाची माहिती आपल्याला मिळते. प्रत्येक जलशात कर्डकांसारखा लिहिणारा नव्हता. तेथली माणसे गेली आणि नावेही त्यांच्याबरोबर गेली. ज्यांना शेकडो वर्षे लिहू दिले नाही त्यांचा इतिहास असाच निसटतो. आता मात्र लिहिता येत असूनही आपण लिहिले नाही, तर दोष कोणाला द्यायचा?

म्हणून वाचकांना एक काम सुचवावेसे वाटते. घरात कोणी आजोबा, आजी, मामा, आत्या कधी रंगमंचावर उभे राहिले असतील तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा. मुलांच्या हाती वही द्या. नाटकाचे नाव, साल, गाव, भूमिका, सोबत कोण होते, पेटी कोण वाजवीत असे, हे सारे उतरवून घ्या. जुने पत्रक असेल तर त्याची झेरॉक्स काढा, कारण जुनी शाई उडते. मागच्या बाजूला “व इतर” मध्ये कोण कोण होते ती नावे लिहून ठेवा. घरात पन्नाशी ओलांडलेला कलावंत असेल तर पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात योजनेची चौकशी करा. आणि जी तरुण मंडळी आज जयंतीला नाटक बसवतात त्यांनी पत्रकावर प्रत्येकाचे नाव छापावे. प्रॉम्प्टरचे, पडदा ओढणाऱ्याचे, चहा आणणाऱ्या पोराचेही. दोन ओळी जास्त लागतील, एवढेच.

जाणाऱ्यांसाठी

झाडीपट्टीत नाटक पाहायला जायचे असेल तर डिसेंबर-जानेवारी हे महिने उत्तम. वडशाला उतरून बाजारात चौकशी केली की आज कोणत्या गावी कोणते नाटक हे कळते. शंकरपटावर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि पुन्हा पटाचे दिवस सुरू झाले. पट असलेल्या गावी रात्री नाटक बहुधा असतेच. गरम कपडे आणि ब्लँकेट बरोबर ठेवावे, कारण बांधीतली थंडी हाडात शिरते. रात्रीच्या परतीच्या गाडीच्या भरवशावर राहू नये. ओळखीपाळखीचे घर असेल तर आधी निरोप द्यावा. झाडीतली माणसे पाहुण्याला उपाशी झोपू देत नाहीत.

आणखी एक. नाटक संपल्यावर पहाटे सगळे घराकडे पळतात. तेव्हा दहा मिनिटे थांबावे. रंग पुसून, साध्या कपड्यांत, पेटी डोक्यावर घेऊन नट गाडीकडे निघालेले असतात. त्यांना थांबवून त्यांचे नाव आणि गाव विचारावे. आम्ही विचारले तेव्हा फौजदार झालेल्या माणसाने आपले पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि तालुका, सारे सांगितले. मुलीने ते वहीत लिहून घेतले. गाडी सुटली तेव्हा उजाडायला लागले होते, आणि पलीकडच्या बांधीवर गावची माणसे धान मळायला निघाली होती.